मटण नक्की कशाचं? मांसातला प्राणी डीएनए चाचणीने कसा ओळखतात

१५ जानेवारी २०१३ ला आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एक तपासणी अहवाल जाहीर केला. सुपरमार्केटमधले बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले होते. त्यातल्या १० मध्ये घोड्याचा डीएनए निघाला, २३ मध्ये डुकराचा. एका बर्गरमध्ये तर बीफच्या मानाने घोड्याचं प्रमाण २९ टक्के होतं. महिन्याभरात प्रकरण युरोपभर पसरलं. मग युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांत तपासण्या करायला लावल्या, तेव्हा ४,१४४ नमुन्यांपैकी १९३ मध्ये घोडा सापडला.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. घोडा सापडला, कारण कोणीतरी मुद्दाम घोडा शोधला होता. नेहमीच्या पद्धतीची डीएनए चाचणी "यात काय काय आहे?" याचं उत्तर देत नाही. "यात अमुक प्राणी आहे का?" एवढंच ती सांगते. त्यामुळे चाचणीचं अर्धं यश लॅबच्या दाराबाहेर ठरतं: प्रश्न काय विचारला आणि नमुना कसा घेतला, यावर. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या याच क्रमाने. कबाब-सॉसेज बनवणारे छोटे उद्योजक, पशुवैद्यक आणि फूड टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी, आणि नुसती शंका आलेले ग्राहक, तिघांनाही त्यातलं काही ना काही लागेल. ज्यांना लॅबमध्ये हात घालायचा नाही त्यांनी डीएनए काढण्याचा आणि पीसीआरचा (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) भाग वरवर वाचला तरी चालेल. दही-तुपाचा भाग मात्र सोडू नका.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

"हे मांस कशाचं आहे ते बघा" असं सांगून नमुना पाठवला, तर लॅब तिच्या नेहमीच्या यादीतले तीन-चार प्राणी बघेल आणि रिपोर्ट देईल. तुमची शंका त्या यादीत नसेल तर पैसे वाया. म्हणून आधी ठरवा: एकाच प्राण्याचा अख्खा तुकडा आहे की खिमा, सॉसेज, कबाब असं मिश्रण? कच्चं आहे की शिजलेलं? शंका कोणत्या प्राण्यांची? आणि "आहे की नाही" एवढं पुरेसं आहे की "किती" तेही हवंय?

महाराष्ट्रात या चाचणीला येणारे प्रश्न ठरावीकच असतात. बोकडाच्या नावावर मेंढी विकली का? मटण खिम्यात चिकन किंवा म्हशीचं मांस मिसळलं का? आणि सगळ्यांत नाजूक प्रश्न: मांस गोवंशाचं की म्हशीचं? १९७६ च्या महाराष्ट्र पशु संरक्षण कायद्यात गायीच्या कत्तलीला बंदी होती. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीला ती बंदी नाही. त्यामुळे टेम्पोत सापडलेलं मांस कोणत्या जातीचं, यावर माणसाची सुटका किंवा अटक अवलंबून राहते. म्हशीची चरबी पांढरी, गायीची पिवळसर, म्हशीचं मांस जास्त गडद, असे ठोकताळे जाणकार सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण बर्फात ठेवलेल्या, कापलेल्या, चरबी काढलेल्या मांसावर असे ठोकताळे लावून कोणाला गुन्हेगार ठरवणं धोक्याचं आहे. इथे डीएनए चाचणीला पर्याय नाही, आणि सुदैवाने उत्तरही स्वच्छ मिळतं. गाय आणि म्हैस या दोन वेगळ्या प्रजातीच नव्हेत, तर दोन वेगळ्या वंशांतले प्राणी आहेत. गायीची गुणसूत्रं ६०, आपल्याकडच्या नदी-म्हशीची ५०. त्यांचा संकर होत नाही, त्यामुळे "अर्धी गाय अर्धी म्हैस" अशी पळवाटही नाही.

आता या चाचणीतून काय कळत नाही तेही इथेच वाचा, म्हणजे फुकटचा खर्च टळेल. कोंबडी गावठी की ब्रॉयलर, हे प्रजाती ओळखणारी चाचणी सांगत नाही. दोन्ही एकाच प्रजातीच्या. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर यांचंही तसंच. मांस हलाल की झटका, ताजं की महिनाभर गोठवलेलं, जनावर कोवळं होतं की म्हातारं, याचा डीएनएशी संबंध नाही. बोकड की शेळी, हा आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा प्रश्न. त्याला वेगळी चाचणी लागते. नर प्राण्यातच असणाऱ्या वाय गुणसूत्रावरचं जनुक त्यात शोधतात. ती हवी असेल तर अर्जात वेगळी मागा, आणि लक्षात ठेवा की ती अख्ख्या तुकड्यावरच अर्थपूर्ण आहे. खिम्यात दहा जनावरं असतील तर "नर आढळला" या उत्तराला काही किंमत नाही.

पायरी २: नमुना घेणं

लॅबमध्ये प्रत्यक्ष वापरलं जाणारं मांस साधारण २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढं. एवढ्याशा दाण्याने अख्ख्या मालाचं प्रतिनिधित्व करायचं असतं.

अख्खा तुकडा असेल तर काम सोपं. वरचा थर सोडून द्यायचा. खाटकाच्या लाकडी ठोकळ्यावर सकाळपासून चार जनावरं तोडलेली असतात, सत्तूर तोच, तराजूचं पारडं तेच. त्या सगळ्यांचा डीएनए तुकड्याच्या पृष्ठभागावर लागलेला असतो. म्हणून स्वच्छ ब्लेडने वरचा अर्धा-एक सेंटिमीटर छिलून टाका, ब्लेड बदला, आणि आतल्या गाभ्यातून नमुना घ्या. चरबीपेक्षा लाल मांस घ्या. चरबीत पेशी कमी, म्हणून डीएनएही कमी. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, नवं ब्लेड. चिमटा पुन्हा वापरायचाच असेल तर ब्लीचच्या पाण्यात बुडवून धुवा. नुसतं स्पिरिट पुसून डीएनए जात नाही. उलट स्पिरिट त्याला टिकवून ठेवतं.

मिश्रणाचं गणित उलटं आहे. खिम्याच्या एका कोपऱ्यातून दाणाभर उचललात तर त्यात नेमकं भेसळीचं मांस येईलच असं नाही. अशा वेळी किमान दोनशे ग्रॅम माल घ्या, सगळा एकजीव वाटा, आणि त्यातून दोन-तीन स्वतंत्र नमुने काढा. हे करायला लॅबला आपणहून सांगा. अर्जात "संपूर्ण नमुना एकजीव करून" असं लिहिलं की झालं. खिमा दुकानातल्या मशीनमधला असेल तर तेही नोंदवा. मळसूत्राच्या आट्यांत आधीच्या मालाची चरबी आणि मांस चिकटून बसतं आणि पुढच्या पहिल्या पाव किलोत उतरतं. त्याचं पुढे टक्क्यांच्या हिशेबात महत्त्व आहे.

साठवण: कच्चं मांस स्वच्छ झिप पाऊचमध्ये भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. २४ तासांत लॅबमध्ये पोचत असेल तर बर्फाच्या पॅकसोबत नुसतं थंड ठेवलं तरी पुरे. बर्फाची सोय नसेल तर वाटाण्याएवढे तुकडे करून त्याच्या पाचपट शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवा. फॉर्मॅलिन अजिबात नको. शवविच्छेदनाच्या सवयीने काही पशुवैद्यक नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. त्याने डीएनए प्रथिनांना जखडला जातो, तुटतो, आणि लॅबवाला डोकं धरून बसतो. गोठवलेला नमुना पुन्हा पुन्हा वितळवू नका. वास मारायला लागलेलं मांसही फेकू नका; खाण्याच्या कामाचं नसलं तरी बऱ्याचदा त्यातून निकाल मिळतो.

एक नमुना नेहमी दोन भागांत: एक लॅबला, एक सीलबंद आपल्याकडे. वाद झाला तर दुसराच भाग कामाला येतो.

दही, तूप, अंडं आणि सॉसेजचं आवरण

हा भाग बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शिकांत फारसा नसतो आणि आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

दुधात जनावराच्या पेशी असतात, म्हणजे डीएनए असतो. दही, पनीर, लोणी, कमी प्रमाणात तूप, या सगळ्यांतून तो पदार्थात येतो. तंदुरी चिकन दह्यात मुरवलेलं, बिर्याणीवर तूप सोडलेलं. मग त्यात गायीचा किंवा म्हशीचा डीएनए निघाला तर नवल ते काय? चाचणी खोटी ठरत नाही, तिचा अर्थ लावण्यात चूक होते. दह्यातली गाय आणि मांसातली गाय यांच्या डीएनएत फरक नसतो. फरक असतो तो प्रमाणात. दह्यातून येणारा अंश मांसाच्या मानाने नगण्य असतो, पण "आहे/नाही" एवढंच विचारणाऱ्या चाचणीत तोही "आहे" म्हणूनच येतो. म्हणून शिजलेल्या किंवा मुरवलेल्या पदार्थाचा नमुना देताना सगळे घटक लिहून द्या, आणि शक्य असेल तर मांसाचा तुकडा धुऊन, गाभ्यातूनच नमुना घ्यायला सांगा.

कबाबात बांधणीसाठी अंडं घातलं असेल तर कोंबडीचा डीएनए दिसू शकतो. सॉसेजवर नैसर्गिक आवरण असेल तर ते बहुधा मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचं असतं. चिकन सॉसेजमध्ये मेंढी निघाली म्हणून पुरवठादाराशी भांडण्याआधी आवरण सोलून आतलं सारण वेगळं तपासून घ्या. अर्थात डुक्कर वर्ज्य असणाऱ्या ग्राहकासाठी आवरणही तितकंच महत्त्वाचं. तिथे आवरण आणि सारण असे दोन वेगळे नमुने करा आणि दोन वेगळे निकाल घ्या.

गोव्याच्या चोरिसची, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजची, गोष्ट आणखी निराळी. व्हिनेगर, मिरची आणि धूर. आम्लाने डीएनएची साखळी जागोजागी तुटते, आणि मसाल्यातली द्रव्यं पुढे पीसीआरला अडवतात. असा नमुना पाठवताना लॅबला आधी कळवलंत तर ते सुरुवातीपासूनच डीएनएचे आखूड तुकडे शोधणारी पद्धत निवडतील.

पायरी ३: पद्धत निवडणं

प्रश्न स्वच्छ असेल तर पद्धत आपोआप ठरते. ठरावीक प्राण्यांपैकी कोणता, एवढंच हवं असेल तर प्रजाती-विशिष्ट पीसीआर. किती, हेही हवं असेल तर रिअल-टाइम पीसीआर. एकच तुकडा आहे आणि प्राणी कोणता याचा काहीच अंदाज नाही, उदाहरणार्थ जंगलालगत पकडलेलं संशयास्पद मांस, तर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा अक्षरक्रम वाचणं. मिश्रण आहे आणि अंदाजही नाही, तर नवीन पिढीचं सिक्वेन्सिंग, ज्यात एकाच नमुन्यातले हजारो तुकडे एकाच वेळी वाचले जातात. ते महाग आणि वेळखाऊ. जागच्या जागी उत्तर देणारे प्रथिनावर आधारित किटही मिळतात. प्राथमिक चाळणीला ठीक आहेत, पण शिजलेल्या मांसात प्रथिनांचा आकार बिघडतो आणि जवळच्या प्रजातींत गल्लत होऊ शकते. त्याच्या जोरावर कोणाला दोषी ठरवू नये.

पायरी ४: डीएनए काढणं

२५ मिलिग्रॅम मांस ब्लेडने बारीक करून नळीत घ्या. त्यात पेशी फोडणारं द्रावण आणि २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचं प्रोटिनेज के (प्रथिनं विरघळवणारं विकर) २० मायक्रोलिटर घाला. ५६ °से. ला ठेवा. दोन-तीन तासांत तुकडा विरघळायला हवा. नाही विरघळला तर रात्रभर ठेवा, घाई करू नका. द्रावण पारदर्शक झालं की सेंट्रिफ्यूज करा. वर तरंगणारा चरबीचा थर आणि तळचा गाळ दोन्ही टाळून मधलं द्रावण अलगद उचला. सॉसेजमध्ये हा वरचा थर चांगला जाड असतो, आणि तो पुढच्या कॉलमवर (डीएनए धरून ठेवणारी गाळणीची नळी) गेला की कॉलम तुंबतो. पुढे सिलिका कॉलम वापरा किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्म. दोन वेळा धुवा, कॉलम कोरडा फिरवा, आणि १०० मायक्रोलिटर गरम केलेल्या बफरमध्ये डीएनए उतरवा. कॉलम कोरडा न फिरवल्यास अल्कोहोल मागे राहतं आणि पीसीआर फसतो.

मसालेदार, डबाबंद पदार्थांसाठी सीटॅब (सीटॅब नावाचं रसायन वापरून डीएनए काढण्याची) पद्धत बरी पडते. त्यात नमुनाही जास्त घेता येतो.

मोजणी करताना २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या वाचनाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. पण हा आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. डीएनए शुद्ध असूनही तुटलेला असू शकतो. थोडासा जेलवर (विजेच्या प्रवाहात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) चालवून बघा: ताज्या मांसाचा डीएनए वर घट्ट पट्टी देतो, शिजलेल्याचा खालपर्यंत धूसर ओघळ दिसतो. ओघळ दिसला की आखूड तुकड्यांची चाचणी निवडायची, हे तिथेच ठरतं.

नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीसोबत एक रिकामी नळी चालवा, मांस न घालता बाकी सगळं तसंच. तिच्यात पुढे काही निघालं तर रसायनं किंवा हात दूषित आहेत.

पायरी ५: पीसीआर

बहुतेक चाचण्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांच्या, डीएनएवर करतात. कारण साधं आहे: एका पेशीत केंद्रकातल्या जनुकाच्या दोन प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो. शिजवताना बरंच नष्ट झालं तरी काही प्रती उरतात. सायटोक्रोम बी, १२एस, १६एस आणि सीओआय ही त्यातली नेहमीची जनुकं. हा डीएनए फक्त आईकडून येतो, हे विसरू नका. खेचराची आई घोडी, म्हणून खेचराचं मांस या चाचणीत घोडा म्हणूनच दिसणार.

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणाचं साधारण प्रमाण असं: दुप्पट ताकदीचं तयार मास्टर मिक्स १२.५ मायक्रोलिटर, दोन्ही प्रायमर (हव्या त्या तुकड्याची दोन टोकं ओळखणारे आखूड डीएनए) प्रत्येकी १० पिकोमोल, डीएनए २० ते ५० नॅनोग्रॅम, बाकी पाणी. ९५ °से. ला पाच मिनिटं. मग ९४ °से., प्रायमरच्या मानाने ५५ ते ६० °से., आणि ७२ °से. ला प्रत्येकी ३० सेकंद अशी ३५ चक्रं. शेवटी ७२ °से. ला पाच मिनिटं. प्रायमर छापील पद्धतीतला असला तरी तापमान आपल्या मशीनवर बसवून घ्यावं लागतं.

प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात. ३० चक्रांत एका प्रतीच्या कागदोपत्री १०७ कोटी होतात. या ताकदीतच मेख आहे. पीसीआर झालेली नळी उघडली की हवेत उडालेला अदृश्य थेंब पुढच्या आठवड्याचे नमुने खराब करू शकतो. म्हणून डीएनए काढण्याची खोली, मिश्रण बनवण्याची जागा आणि पीसीआरनंतरची जागा वेगळ्या हव्यात, पिपेटही वेगळे, आणि माणसाची ये-जा एकाच दिशेने. चिकनचा डबा लॅबमध्ये उघडणाऱ्यांना मी तरी बाहेर काढतो.

सोबत चालवायच्या नळ्या: खात्रीच्या मांसाचा डीएनए असलेली, नुसत्या पाण्याची, वर सांगितलेली रिकामी नळी, आणि प्रत्येक नमुन्यात सर्व प्राण्यांना लागू पडणारं एखादं जनुक शोधणारी नळी. शेवटची सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची. चोरिसमध्ये "गाय आढळली नाही, डुक्करही आढळलं नाही" असा निकाल आला तर त्याचा अर्थ मांस स्वच्छ आहे असा नसून पीसीआर चाललाच नाही असा असू शकतो. हे त्या नळीवरूनच कळतं. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करा किंवा मिश्रणात बीएसए हे प्रथिन घाला. अडथळा आणणाऱ्या द्रव्याचा जोर कमी होतो.

पायरी ६: जेल वाचणं

१९९९ मध्ये जपानी संशोधकांनी सहा प्राणी एकाच नळीत ओळखायची पद्धत मांडली. शेळीचा तुकडा १५७ बेस पेअरचा (बेस पेअर म्हणजे डीएनएच्या साखळीतली अक्षरांची एक जोडी, लांबीचं माप), कोंबडीचा २२७, गायीचा २७४, मेंढीचा ३३१, डुकराचा ३९८, घोड्याचा ४३९. प्रत्येकाची लांबी वेगळी असल्याने २ टक्के अगरोज जेलवर पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर बसतात. लहान तुकडा खाली पळतो, मोठा वर अडकतो. समजा, "शुद्ध मटण" म्हणून विकलेल्या सीख कबाबच्या रांगेत १५७ वर ठळक पट्टी आणि २२७ वर पुसट पट्टी दिसते. म्हणजे शेळी आहे, शिवाय कोंबडी. आता घटक बघा: अंडं आहे? असेल तर पुसट पट्टीवरून भेसळ म्हणता येत नाही. दोन्ही पट्ट्या सारख्याच ठळक असतील तर संशयाला जागा आहे, आणि पुढची पायरी रिअल-टाइम.

याच पद्धतीत एक धडा दडलेला आहे. मांस १२० °से. ला अर्धा तास शिजवल्यावर बाकीच्या पाच प्राण्यांच्या पट्ट्या आल्या, पण सर्वांत लांब असलेली घोड्याची ४३९ ची आली नाही. उष्णतेने डीएनए तुटला की लांब तुकडा शाबूत सापडतच नाही. म्हणून शिजलेल्या आणि विशेषतः डबाबंद मालासाठी १०० ते १५० बेस पेअरचे तुकडे शोधणारीच चाचणी हवी. आणि आपल्या दृष्टीने आणखी एक उणीव: या सहांत म्हैस नाही. परदेशी किट घेताना म्हशीचा प्रायमर त्यात आहे का आणि गायीचा प्रायमर म्हशीवर उमटत नाही ना, हे खात्रीच्या म्हशीच्या मांसावर स्वतः तपासा.

पायरी ७: रिअल-टाइम पीसीआर आणि टक्क्यांचा घोळ

रिअल-टाइममध्ये प्रतींसोबत वाढत जाणारी चकाकी कितव्या चक्राला ठरावीक रेषा ओलांडते ते मोजतात. त्या आकड्याला सीक्यू म्हणतात. आकडा जितका लहान, तितका डीएनए जास्त; ३.३ चक्रांचा फरक म्हणजे दहापट. कबाबात शेळीचा सीक्यू १८ आणि म्हशीचा ३१ आला, तर फरक १३ चक्रांचा. दोन्ही चाचण्या सारख्याच कार्यक्षम असतील तर शेळीचा डीएनए सुमारे आठ हजार पट जास्त. हे मिसळलेलं मांस नव्हे. हे दही, सत्तूर किंवा खिम्याचं मशीन. म्हशीचा सीक्यू २० आला असता तर प्रकरण वेगळं. ३५ च्या पुढचा सीक्यू एकाच नळीत आला आणि जोडीच्या नळीत आला नाही, तर त्यावर बोट ठेवू नका, चाचणी पुन्हा करा.

युरोपात २०१३ च्या तपासण्यांत १ टक्का ही रेषा धरली होती. त्याखालचं बहुधा अनवधानाने लागलेलं, त्यावरचं चौकशीचं. भेसळीतून पैसा मिळवायचा तर एवढ्याशा मिश्रणाने काही भागत नाही, त्यामुळे व्यवहारात ही रेषा समंजस वाटते. धार्मिक किंवा कायदेशीर प्रश्नात मात्र ती आपोआप लागू होत नाही. तिथे रिपोर्टमध्ये अंश स्वच्छ नोंदवून अर्थ लावण्याचं काम संबंधितांवर सोडावं.

आणि रिपोर्टमध्ये "म्हैस १२ टक्के" असं लिहिलं असेल तर विचारा: १२ टक्के कशाचे? डीएनएचे की मांसाचे? यकृत, हृदय, मांडीचं मांस, चरबी, प्रत्येकात पेशी आणि मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या प्रमाणात असतात. त्यामुळे डीएनएची टक्केवारी सरळ वजनाची टक्केवारी होत नाही. माहीत असलेल्या प्रमाणात मांस मिसळून, तसंच शिजवून, त्याच्याशी तुलना केली असेल तरच वजनाचा आकडा अंदाजे मानता येतो. तसा उल्लेख नसेल तर तो आकडा घेऊन कोणाकडे भरपाई मागायला जाऊ नका.

पायरी ८: सिक्वेन्सिंग

प्राण्याचा अंदाजच नसेल तेव्हा सर्वांना चालणारे प्रायमर वापरून तुकडा वाढवतात आणि त्यातला अक्षरक्रम वाचतात. या बाबतीत हैदराबादच्या सीसीएमबीचं (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) काम महत्त्वाचं आहे. सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी २००३ मध्ये सायटोक्रोम बी जनुकाचा ४७२ बेस पेअरचा तुकडा वाढवणारे प्रायमर प्रसिद्ध केले. हरीण, बिबट्या, मोर, कासव, कशाचंही मांस असलं तरी ते चालावेत हा हेतू. सीसीएमबीची लुप्तप्राय प्रजातींची प्रयोगशाळा आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्याकडे वन्यजीव गुन्ह्यांतले नमुने जातात.

वाचलेला क्रम जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्याशी ताडून बघतात. जुळणी ९९ ते १०० टक्के आणि क्रमाचा जवळजवळ पूर्ण भाग झाकला गेला असेल, तर जाती ठरवायला हरकत नाही. ९५-९६ टक्क्यांवर अडकलं तर "जवळचा नातेवाईक" एवढंच म्हणा. यादीतलं फक्त पहिलं नाव उचलू नका. पहिली दहा बघा. जेनबँकमध्ये चुकीच्या नावाने जमा झालेले क्रमही आहेत. देशी गाय आणि विलायती गाय दोन्ही सारख्याच गुणांनी वर येतात, तेव्हा "गोवंश" एवढाच निष्कर्ष काढा. आणि आलेखातली शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली तर नमुन्यात दोन प्राणी आहेत. साधं सिक्वेन्सिंग इथे थांबतं.

पायरी ९: रिपोर्ट आणि कायदा

लॅब निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, एवढंच विचारून थांबू नका. मान्यतेच्या यादीत "मांस व मांसजन्य पदार्थ" आणि तुम्हाला हवी ती प्रजाती आहे का ते बघा. हैदराबादजवळ चेंगीचेर्ला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) मांस संशोधन संस्था आहे; या विषयातलं सरकारी ज्ञान तिथे एकवटलेलं आहे. चांगल्या रिपोर्टमध्ये पद्धत, जनुक, कमीत कमी किती अंश पकडता येतो ती मर्यादा, आणि नियंत्रण नळ्यांचे निकाल लिहिलेले असतात. "आढळले नाही" याचा अर्थ नेहमी "त्या मर्यादेच्या वर आढळले नाही" असा घ्या.

ग्राहक म्हणून शंका असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम ४० तुमच्या बाजूने आहे. विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून तुम्ही अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एकच, खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. पदार्थ नियमात बसत नसल्याचं निघालं तर शुल्क परत मिळतं. गुपचूप उचललेल्या नमुन्याचा खासगी रिपोर्ट तुमच्या मनाच्या समाधानापुरता ठीक, पण कारवाई हवी असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो: एक अन्न विश्लेषकाला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त लॅबला. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

निकाल मान्य नसेल तर राखून ठेवलेला भाग दुसऱ्या लॅबला द्या, आणि चाचणी दुसऱ्या जनुकावर मागा. पहिल्या लॅबने सायटोक्रोम बी वापरलं असेल तर दुसरीला १६एस किंवा केंद्रकातलं जनुक सांगा. तेच प्रायमर पुन्हा वापरले, तर पहिल्या लॅबची चूक प्रायमरमध्ये असल्यास दुसरीही तीच करेल.